जुनी एसिट्रॉम की नवी अपिक्साबॅन? गुहागरातून पाहता

पायाच्या शिरेत गुठळी झाली किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले, की डॉक्टर रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून देतात. हल्ली बरेच जण विचारतातही, "जुनी देऊ की नवी?" तपासणीच्या खुर्चीतून उठता उठता हा प्रश्न येतो, आणि उत्तर मात्र निदान तीन महिने, कधी जन्मभर निभवायचं असतं. पायातल्या गुठळीच्या निमित्ताने मी दोन्ही घेतल्यात. आधी एसिट्रॉम, म्हणजे वॉर्फरिनच्याच घराण्यातली, मग अपिक्साबॅन. राहतो कोकणात, गुहागर तालुक्यात. पत्ता सांगतोय, कारण माझ्या निवडीत त्याचा वाटा मोठा आहे.

दोन्ही गोळ्या रक्त साकळू देत नाहीत, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कशा, ते समजून घेतलं तर निवड निम्मी सोपी होते. रक्तात गोठवणारी प्रथिनं असतात तशी त्यांना आवरणारीही असतात: अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. थ्रॉम्बिन हा गोठवणाऱ्यांचा म्होरक्या. पण रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला जाऊन चिकटला की तोच पक्ष बदलतो आणि प्रोटीन सीला कामाला लावतो. गोठवणाऱ्या प्रथिनांना डॉक्टर आकड्यांनी ओळखतात, पाचवा घटक, आठवा घटक असे. सी आणि एस मिळून हे पाचवा आणि आठवा घटक निकामी करतात. म्हणजे आग लावणाऱ्याच्याच हातात पाण्याची बादली. शरीराने हे कसं जमवलं असेल, देव जाणे.

आता जुनी गोळी काय करते? यकृताला दुसरा, सातवा, नववा आणि दहावा घटक तयार करायला विटामिन के लागतं. एकदा वापरलेलं विटामिन पुन्हा कामाजोगं करणारं एन्झाइम ही गोळी अडवते. गंमत अशी, की प्रोटीन सी आणि एससुद्धा त्याच विटामिनवर बनतात. त्यामुळे गोठवणारे आणि आवरणारे दोघेही एकदम घटतात. त्यातही प्रोटीन सी साधारण आठ तासांत निम्मं होतं, तर दुसरा घटक निम्मा व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणजे सुरुवातीला लगाम आधी सुटतो आणि घोडा तसाच उधळलेला. म्हणून पहिले निदान पाच दिवस सोबत हेपरिनची इंजेक्शनं. हेपरिनचं मला बरं वाटतं, ते आपल्याच अँटिथ्रॉम्बिनचा वेग वाढवून काम करतं. पोटावर सुया टोचून घेणं मात्र बरं वाटत नाही.

अपिक्साबॅन फक्त सक्रिय दहाव्या घटकाला धरते, सी आणि एसच्या वाटेला जात नाही. शिरेतल्या गुठळीसाठी पहिले सात दिवस 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नंतर 5 मिलिग्रॅम दोनदा. बहुतेकांना सुया लागत नाहीत.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय प्रथिनांनी केला नाही. तो आयएनआरने केला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्याने. आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं.

जुन्या गोळीवर रक्ताचा आयएनआर साधारण 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. मुंबई-पुण्यात कोपऱ्यावर लॅब असते, त्यांना यात काही वाटणार नाही. आमच्याकडे सकाळी शृंगारतळीला जाऊन रक्त द्यायचं, नमुना गाडीने चिपळूणला जाणार, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. म्हणजे आला तर. गोळी घ्यायची वेळ सहाची. साडेसात वाजले तरी मोबाइल गप्प. फोन केला की, "गाडीच उशिरा पोचली दादा, मशीनला लावलंय." तोवर डॉक्टरांची ओपीडी संपलेली. मग आज किती घ्यायची, कालच्याएवढी की अर्धी? फ्रिजवर तक्ता चिकटवलेला असायचा: सोम, बुध, शुक्र तीन मिलिग्रॅम, बाकीचे दिवस दोन. त्यावर बायकोने लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या, दुरुस्त्यांवर पुन्हा काट. आकडा 1.6 आला की वाढवा, पुढच्या खेपेला 3.8 आला की एक दिवस गाळा. शिवाय नमुन्याची ती निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरायला लागते. कमी भरली तर आतलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट रक्ताच्या मानाने जास्त होतं आणि आकडा उगाच फुगतो. हे कळल्यापासून मी रक्त काढणाऱ्या मुलाच्या हाताकडे नको तितका बघायला लागलो. पावसात तर विचारूच नका. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा कसली लॅब आणि कसला रिपोर्ट.

खाण्यापिण्याचा बाऊ लोक फार करतात, मला तो तितका जाचला नाही. बांगडा, सुरमई खुशाल खा. प्रश्न पाल्याचा. श्रावणात मासे बंद होतात आणि टाकळा, अळू, शेवग्याचा पाला ताटात येतो. विटामिन के वाढतं, आयएनआर उतरतो. ऋषीपंचमीच्या भाजीनंतरही तेच. सोडू नका, रोज साधारण सारखं खा, एवढंच सांगतात, पण कोकणातल्या स्वयंपाकघराला महिन्यामहिन्याचं सारखेपण ठाऊक नाही. आणखी एक, पावसाळ्यात लेप्टोच्या तापासाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, त्याने आयएनआर वर जाऊ शकतो. गोळी लिहून देणाऱ्याला आधी सांगा. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक तर दोन्हींसोबत टाळलेलीच बरी.

जुन्या गोळीच्या बाजूने बोलायचं तर ती स्वस्त आहे, खेड्यातल्या मेडिकलमध्येही मिळते आणि गरज पडली तर विटामिन केने उतरवता येते. नवीची किंमत पेटंट संपून जेनेरिक आल्यावर बरीच खाली आली, तरी ती जुनीपेक्षा महागच. मात्र तिकडे लॅबचे पैसे आणि रिक्षाभाडं धरलं तर फरक वाटतो तेवढा राहत नाही, निदान माझ्या बाबतीत राहिला नाही. विसराळू माणसाला मात्र नवी थोडी कडक. सकाळची राहिली, संध्याकाळची राहिली, की तिचा असर लवकर ओसरतो, आणि आयएनआरसारखा आकडा नसल्याने कुणाला पत्ताही लागत नाही.

नव्यांमध्येच डॅबिगॅट्रानही आहे. तिची कॅप्सूल ओल धरते, मूळ पाकिटातून काढून डबीत ठेवायची नाही. ज्या घरात जूनपासून मीठसुद्धा पाझरतं तिथे मी तिच्या वाटेला गेलो नाही.

काहींना मात्र निवडच नाही, आणि त्यांनी माझं ऐकू नये. हृदयात धातूची झडप असेल तर जुनीच. लहानपणच्या सांधेतापाने मायट्रल झडप बऱ्यापैकी अरुंद झाली असेल तरीही जुनीच. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा सांधेतापाच्या हृदयरोग्यांत रिव्हरोक्साबॅनपेक्षा, म्हणजे नव्यांपैकीच एका गोळीपेक्षा, जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्येही, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होतात त्या आजारात, डॉक्टर सहसा तिलाच धरून राहतात. उलट झडप ठीक असून नुसते ठोके अनियमित असतील, तर 2011 ची 18,201 रुग्णांची ॲरिस्टॉटल चाचणी अपिक्साबॅनच्या बाजूने बोलते: पक्षाघात वॉर्फरिनपेक्षा कमी, मोठा रक्तस्रावही कमी. मूत्रपिंडं अगदी थकलेली असतील तर दोन्हीकडे विचार करावा लागतो, तिथे मी बोलत नाही.

तरुण वयात, काही कारण नसताना गुठळी झाली असेल, तर प्रोटीन सी आणि एसची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना आधीच विचारा. जुनी गोळी चालू असताना ती दोन्ही कमीच येणार, आणि नवी गोळी काही तपासण्यांमध्ये आकडा उगाच वर दाखवते. ताजी गुठळी असतानाही आकडे फसवे असतात. रिपोर्ट बघून घाबरणारे नातेवाईक मी पाहिलेत.

बदल करायचा ठरलाच तर जुनी बंद करून आयएनआर 2 च्या खाली आल्यावर अपिक्साबॅन सुरू करतात. डॉक्टरांनी सांगितल्यावरच, अर्थात. माझी ती शेवटची शृंगारतळी फेरी, आणि त्या दिवशीही रिपोर्ट उशिराच आला.

राहिला आमच्याकडचा खास मुद्दा, फुरसं हा विषारी साप. त्याच्या विषातलं एक प्रथिन प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन करत सुटतं, गोठवण्याचा सगळा साठा संपतो आणि मग रक्त गोठेनासं होतं. दवाखान्यात काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं का बघतात. तुम्ही आधीच यातली कुठलीही गोळी घेत असाल तर त्या नळीचा अर्थ लावताना डॉक्टरांना ते माहीत असायला हवं, आणि चावलेला माणूस तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही. म्हणून मी अपिक्साबॅनची एक रिकामी स्ट्रिप आधार कार्डाच्या मागे घालून ठेवलीय.