बँकॉकची एक बाटाची साखळी: एका जळगावकर सोनाराचं मत

जावईबापूंनी बँकॉकच्या याओवारात भागातून ही साखळी आणली. आईने हातात घेऊन पहिलं विचारलं, "कितला तोया शे हाई?" (किती तोळ्यांची आहे ही?) जावईबापू म्हणाले, "एक बाट." आईला वाटलं, फसले!

तिथे बाट हे चलन आहे तसं सोन्याचं वजनही आहे. दागिन्याचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम. माझ्या काट्यावर तेवढंच भरलं, एक मिलीग्रॅम इकडे तिकडे नाही. वडिलांच्या हिशेबाने, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने, हे होतात एक तोळा, तीन मासे आणि जवळजवळ पाच गुंजा (बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा). आज बाजारात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या मापाने दीड तोळ्याच्या थोडं वर. नाव तेच ठेवून तोळाच हलका झाला, याचं मला अजून वाईट वाटतं. थाई लोकांनी सोन्यापुरता तरी आपला बाट सांभाळला.

जुन्या काळी चार बाटांचा एक तामलुंग आणि वीस तामलुंगांचा एक चांग होई. खाली उतरलं की एका बाटात ६४ अट नावाची छोटी नाणी. आपल्या जुन्या रुपयातही ६४ पैसेच होते! त्यांनी १८९७ साली शंभर सतांगांचा बाट केला, आपण १९५७ साली शंभर नव्या पैशांचा रुपया.

आता मालाचं. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढला तर शंभरात ९६.५, म्हणजे आपल्या बावीस कॅरेटच्या ९१.६ पेक्षा बराच वर. रंग गर्द पिवळा, कड्यांचा डाक, म्हणजे सांध्याची झाळ, स्वच्छ. पण सोनं मऊ, आणि हूक नुसता वाकवलेला. गर्दीत, लग्नात घालणार असाल तर आधी आपल्याकडची कडी बसवून घ्या.

मोडताना मात्र जपा. शेजारणीची अशीच साखळी एका दुकानाने बावीस कॅरेट धरून घेतली. पाऊण ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोनं तिचं तिथेच गेलं. टंच समोर काढून मागायचा, हॉलमार्क नाही म्हणून गप्प बसायचं नाही.

पाव बाटाचीही मिळते, तिला सालुंग म्हणतात, ३.७९ ग्रॅमची. नातीच्या बारशाला जावईबापूंना तीच सांगितली आहे.