घडीचे पेटी-ईझल : कृष्णाकाठी आणि समुद्रकिनारी

सांगलीतील एका चित्रसाहित्याच्या दुकानातून गेल्या दिवाळीत मी घडीचे लाकडी पेटी-ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा धरणारी पेटीवजा तिवई, साडेसहा हजार रुपयांना घेतले. तैलरंगांच्या नळ्या, पॅलेट आणि तिन्ही पाय एकाच पेटीत मिटतात आणि ती खांद्याला अडकवून चालता येते. महिनाभर आयर्विन पुलाजवळच्या घाटावर काम केले. तेथे तक्रारीला जागा सापडली नाही. खरी पारख झाली ती आंबा घाट उतरून रत्नागिरीला, मांडवीच्या किनाऱ्यावर.

नदीकाठी पूल, पायऱ्या, झाडे अशा आकारांचा चित्राला आधार असतो. किनाऱ्यावर आकाश, पाणी आणि वाळू अशा तीन आडव्या पट्ट्याच हाती लागतात आणि सारे चित्र त्यांच्यातील छटांच्या बारीक फरकावर तोलावे लागते. मांडवीची वाळू काळपट आहे. लाट मागे सरली की त्या ओल्या काळ्या पट्टीवर आकाश उतरते आणि पाहता पाहता विरून जाते. किनाऱ्याचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन पाठीमागून येते आणि पाण्यातला हिरवा रंग उघडा पडतो, तर दुपारनंतर समोरच्या चकाकीत तोच समुद्र जवळजवळ रंगहीन दिसतो. ओहोटीनंतर पूर्ण भरती यायला साधारण सहा तास लागतात, पण चित्रातली पाण्याची रेषा तासाभरातच बदललेली असते. त्यामुळे हे ईझल चार-पाच मिनिटांत उभे राहते, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दोष वाऱ्याने दाखवले. मोठा कॅनव्हास शिडासारखा वारा धरू लागला, तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून ती पेटीखाली टांगावी लागली. त्यासाठी आकडा मुळातच द्यायला हवा होता. खाऱ्या दमट हवेने खण फुगून अडकू लागला. कडांना मेणबत्ती घासल्यावर तो पुन्हा सरकू लागला. पायांच्या स्क्रूंमध्ये वाळू गेली, ती ब्रशने झाडून काढता आली. रंगात गेलेली वाळू मात्र निघत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या १८७० सालच्या, फ्रान्समधील त्रूव्हील किनाऱ्यावरील चित्रात वाळूचे कण आजही रंगात रुतलेले आहेत, हे ठाऊक असल्याने मी माझ्या चित्रातले कण खरवडले नाहीत.

दुकानदारांनी आटे झिजलेला एक स्क्रू विनामूल्य बदलून दिला आणि माझ्या तक्रारी शांतपणे ऐकून घेतल्या. घाटावर किंवा शेताच्या बांधावर चित्रे काढणाऱ्यांनी हे ईझल निःशंकपणे घ्यावे. किनाऱ्यावर नेणार असाल, तर पाय ओल्या वाळूत रुतू नयेत म्हणून सुताराकडून तळहाताएवढ्या तीन लाकडी चकत्या करून घ्याव्यात. मी त्या दुसऱ्या फेरीला नेल्या आणि ईझल दोन तास जागचे हलले नाही.