न जाता मिळालेले बी.एड.

जळगाव जिल्ह्यातील एका विनाअनुदानित शाळेत मी सहा वर्षे दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. बी.एस्सी.ची पदवी सोडली तर शिक्षिका म्हणवून घेण्यासाठी लागणारी कोणतीही पात्रता माझ्याजवळ नव्हती, आणि ही उणीव मला ठाऊक होती. जून २०२१ मध्ये संस्थेने आम्हा अप्रशिक्षित शिक्षकांना व्यावसायिक पात्रता पूर्ण करण्याची लेखी सूचना दिली. त्यानंतर मी दोन वर्षे आणि १,४६,००० रुपये घालवून जे बी.एड. पूर्ण केले, त्याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरी नाही. हे सगळे तपशिलाने लिहिण्याचे कारण एवढेच की, जे आश्वासन मला मिळाले तेच आजही घरसंसार आणि तुटपुंज्या पगाराची नोकरी सांभाळणाऱ्या अनेक जणींना दिले जात आहे.

बसस्थानकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका गृहस्थांचे शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र होते. शाळेतील एका ज्येष्ठ बाईंच्या सुनेने तिथूनच बी.एड. केल्याचे कळल्यामुळे मी गेले. बोलणे अत्यंत मृदू. पहिल्या भेटीपासून ते मला ताई म्हणत. "ताई, नोकरी सोडायची नाही, सासरी कोणाची गैरसोय होऊ द्यायची नाही. वर्षातून एकदा परीक्षेला यायचे, बाकी सगळे आमच्याकडे लागले." मध्य प्रदेशातील एका महाविद्यालयात प्रवेश होणार होता आणि या प्रकाराला ते 'नॉन-अटेंडिंग' म्हणत. मी शंका काढली तेव्हा ते म्हणाले की, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे बी.एड. घरी राहून होतेच ना, तसेच हे.

ही तुलनाच खोटी होती. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणी दूरस्थ पद्धतीने होणारे बी.एड. आधीच शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी, प्रामुख्याने सेवेतील प्रशिक्षित शिक्षकांसाठी असते. माझ्यासारख्या अप्रशिक्षित पदवीधरासाठी ते नाही. नियमित बी.एड.बद्दल राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीटीईचे, २०१४ चे विनियम स्पष्ट आहेत: अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वर्गातील व प्रात्यक्षिकांतील उपस्थिती किमान ८० टक्के आणि छात्रसेवाकालातील, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावातील, उपस्थिती किमान ९० टक्के. हा छात्रसेवाकाल २० आठवड्यांचा असतो. म्हणजे 'नॉन-अटेंडिंग बी.एड.' नावाची वस्तू कायद्यात अस्तित्वातच नाही. ती विकणारा माणूस एकतर हजेरीपट खोटा भरतो किंवा पदवीच खोटी देतो. हे विनियम कोणालाही वाचता येतात. मी ते वाचले नाहीत, आणि ही चूक माझी आहे हे मला मान्य आहे.

मला सर्वांत जास्त सलते ते मात्र दुसरेच. त्या गृहस्थांनी मला फसवण्यासाठी वापरलेला मुख्य कागद खरा होता. मला पहिली ते पाचवीलाच शिकवायचे आहे, आणि त्यासाठी बारावीनंतरचे डी.एल.एड., ज्याला आपल्याकडे अजूनही डी.एड. म्हणतात, तेच लागते, असे मी ऐकले होते. पदवी घेतल्यावर पुन्हा बारावीच्या मुलींबरोबर बसायचे, हे मनाला पटत नव्हते. तेव्हा त्यांनी एनसीटीईची २८ जून २०१८ ची अधिसूचना माझ्यापुढे ठेवली. बी.एड. झालेल्या उमेदवाराची नेमणूक प्राथमिक वर्गांसाठी करता येईल, मात्र नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत त्याने सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण केला पाहिजे, असे तिच्यात म्हटलेले होते. "एका दगडात दोन पक्षी, ताई. पाचवीपर्यंतही चालेल आणि आठवीपर्यंतही." मी घरी जाऊन ती अधिसूचना संगणकावर शोधली, ती शब्दशः तशीच सापडली, आणि माझा विश्वास बसला. एक कागद खरा निघाला म्हणून मी बाकीचे सगळे कागद खरे धरले. महाविद्यालयाची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता, प्रवेशाची पद्धत यांपैकी एकही गोष्ट मी तपासली नाही.

ऑगस्टमध्ये मी ५०,००० रुपये रोख दिले. पावती मिळाली ती एका न्यासाच्या नावाची, आणि तिच्यावर 'शुल्क' नव्हे तर 'देणगी' लिहिलेले होते. त्याच दिवशी दहावी, बारावी आणि पदवीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि माझ्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र त्यांनी 'पडताळणीसाठी' ठेवून घेतले. पुढील दोन वर्षे मी ज्या ज्या वेळी कचरले, त्या त्या वेळी हे मूळ कागद त्यांच्या कपाटात आहेत, या एका विचाराने मला गप्प बसवले. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात, पण मूळ कागद दुसऱ्याच्या हातात असले की माणूस प्रश्न विचारणेच सोडून देतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. प्रवेशाच्या वेळी साक्षांकित प्रती द्याव्यात. मूळ कागद दाखवून तिथेच परत घ्यावेत.

दुसरा हप्ता, आणखी ५०,००० रुपये, मी जानेवारी २०२२ मध्ये दिला. त्याच्या आधी, २५ नोव्हेंबर २०२१ रोजी, राजस्थान उच्च न्यायालयाने ती २०१८ ची अधिसूचना रद्द ठरवली होती. ज्या कागदाच्या आधारावर मला ही पदवी विकली गेली, तो कागद न्यायालयात टिकला नव्हता, आणि पैसे घेताना त्या गृहस्थांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट पुढच्या शिक्षक पात्रता परीक्षेचे, म्हणजे टीईटीचेही 'बघून घेऊ' असे ते म्हणाले. आदल्याच महिन्यात टीईटीतील गुणवाढीच्या प्रकरणात पुण्यात अटका झाल्याच्या बातम्या मी वाचत होते. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने त्या प्रकरणात ७,८७४ उमेदवारांवर कारवाई केली. टीईटीबद्दलचा तो शब्द ऐकून मी त्याच वेळी उठून यायला हवे होते. मी नकार दिला, परंतु हप्ता मात्र दिला.

उरलेल्या पैशांत परीक्षा शुल्क, प्रवास आणि 'वह्या' होत्या. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनाचे पाठ, सराव पाठ आणि त्यांची टाचणे, म्हणजे पाठांचे लेखी आराखडे, लिहावी लागतात. ती सर्व लिहून मिळण्याचे ६,००० रुपये वेगळे होते. त्या वह्या माझ्याकडे आहेत. टाचणांत माझे नाव आहे, मी कधीही पाऊल न ठेवलेल्या शाळेचे नाव आहे, निरीक्षकांचे 'उत्तम' असे शेरे आहेत. एका टाचणात हातच्याच्या वजाबाकीचा पाठ फार चांगला मांडला होता. तो पाठ कोणी तरी, कुठे तरी खरोखर घेतला असेल आणि त्याची नक्कल माझ्या वहीत आली असेल.

परीक्षेसाठी आम्ही खानदेशातील नऊ जणी भुसावळहून रेल्वेने गेलो. दोन्ही वर्षांत महाविद्यालयाचा एकच मजला उघडा होता. उत्तरपत्रिकेवर विद्यापीठाचे नाव नव्हते, केवळ महाविद्यालयाचा शिक्का होता. कारण विचारल्यावर कोविडमुळे पद्धत बदलली असल्याचे सांगण्यात आले, आणि त्या काळात सर्वत्रच परीक्षांची पद्धत बदललेली असल्याने ते पटले. दोन वर्षांत मला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माझा निकाल एकदाही पाहता आला नाही. प्रत्येक वेळी तो भ्रमणध्वनीवर छायाचित्राच्या रूपात आला.

गुणपत्रिका हाती आली ती जुलै २०२३ मध्ये. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात राजस्थान उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. बी.एड. ही पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठीची पात्रता नाही, कारण लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे आणि ते डी.एल.एड.मध्ये शिकवले जाते, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे माझे बी.एड. अस्सल असते तरीही दुसरीच्या वर्गासाठी ते निरुपयोगी ठरले असते. निदान सहावी ते आठवीसाठी तरी उपयोग होईल, या आशेने मी ते शाळेत सादर केले. संस्थेने पडताळणीसाठी विद्यापीठाला पत्र पाठवले. तीन महिन्यांनी उत्तर आले की, सदर नामांकन क्रमांक, म्हणजे विद्यार्थी नोंदणी क्रमांक, दुसऱ्या विद्यार्थ्याचा असून माझ्या नावाची कोणतीही नोंद नाही. मुख्याध्यापिकांनी ते पत्र माझ्या हातात दिले आणि काही न बोलता दार लोटून घेतले. त्यांनी मला ते स्टाफरूममध्ये सर्वांसमोर दिले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी आणि माझे यजमान त्या महाविद्यालयात गेलो. महाविद्यालय खरे आहे, त्याला मान्यताही आहे, आणि म्हणूनच हा प्रकार ओळखणे कठीण जाते. बी.एड.ची एक तुकडी ५० विद्यार्थ्यांची असते. त्या राज्यातही बी.एड.चे प्रवेश शासनाच्या ऑनलाइन समुपदेशनातून होतात, जसे आपल्याकडे सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षामार्फत होतात. त्या ५० जागा रीतसर भरलेल्या होत्या. आम्ही त्यांच्या बाहेरच्या होतो. आमच्या नावाचा अर्ज विद्यापीठाकडे कधी गेलाच नव्हता. प्राचार्यांनी हात वर केले आणि आमच्याकडच्या गृहस्थांना आपण ओळखत नसल्याचे सांगितले. मी स्वतः कोणतीही प्रवेश परीक्षा दिली नव्हती, कोणत्याही शासकीय संकेतस्थळावर नोंदणी केली नव्हती, कोणत्याही गुणवत्ता यादीत माझे नाव पाहिले नव्हते. ज्या प्रवेशात शासनाच्या पडद्यावर आपले नाव एकदाही उमटत नाही, तो प्रवेश नव्हेच, एवढे तरी मला तेव्हा कळायला हवे होते.

पोलीस ठाण्यात रोख रकमेचा पुरावा मागितला गेला. देणगीची पावती होती, आणि सुदैवाने हप्त्यांचे आकडे लिहिलेले त्या गृहस्थांचे व्हॉट्सॲपवरील संदेश मी पुसले नव्हते. व्यवहार १ जुलै २०२४ च्या आधीचा असल्यामुळे गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली नोंदवला गेला. आजवर ३०,००० रुपये परत मिळाले आहेत. मूळ कागद पोलिसांमार्फत मिळाले, फक्त स्थलांतर प्रमाणपत्र मिळाले नाही.

आता सेतू अभ्यासक्रमाबद्दलही सांगणे आवश्यक आहे, कारण गेल्या वर्षी मला त्याचीच जाहिरात तीन वेळा आली: बी.एड. आहे ना, मग सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करा आणि पहिली ते पाचवीसाठी पात्र व्हा. ८ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे संरक्षण दिले, ते ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालापूर्वी नेमणूक झालेल्या बी.एड.धारक शिक्षकांपुरते आहे, आणि सेतू अभ्यासक्रमही त्यांच्यासाठीच आहे. नव्याने शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला त्यातून वाट मिळत नाही. इथेही कागद खरा आहे आणि त्यावरून दिले जाणारे आश्वासन खोटे आहे, अगदी माझ्या वेळी होते तसेच.

ज्यांना लहान मुलांनाच शिकवायचे आहे, त्यांनी पदवीधर असतानाही डी.एल.एड.ला प्रवेश घेण्यात कमीपणा मानू नये. मी शाळा सोडून २०२४ मध्ये तो प्रवेश घेतला. वर्गातील बहुतेक मुली माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत. पहिल्या वर्षी हातच्याच्या वजाबाकीचा सराव पाठ माझ्या वाट्याला आला. माझ्या जुन्या वर्गात एक मुलगा ५२ वजा २७ चे उत्तर प्रत्येक वेळी ३५ लिहीत असे, आणि मी प्रत्येक वेळी लाल शाईने चूक दाखवत असे. तो दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, वरचा अंक कोणता आणि खालचा कोणता हे पाहतच नाही, हे मला सहा वर्षांत कोणी दाखवले नव्हते आणि मला स्वतःला सुचले नव्हते. आमच्या बाईंनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणून एक गठ्ठा सोडून दाखवायला लावले. पाठ संपल्यावर मला रडू आवरले नाही. त्या गृहस्थांनी माझे पैसे घेतले, हे खरेच. परंतु मी माझ्या वर्गातील मुलांचे जे नुकसान करत होते, ते भरून काढण्याची दोन वर्षेही त्यांनी घेतली, आणि ती घेताना मी त्यांना साथ दिली.

पोलिसांनी त्या केंद्रातून जप्त केलेल्या नोंदवहीत आणखी २३ नावे होती, बहुतेक बायकांची. त्यांतील काही जणींना मी स्वतः जाऊन भेटले. दोघींनी दाराबाहेरूनच परत पाठवले, कारण घरी काहीच सांगितलेले नव्हते. जामनेर तालुक्यातील एका मुलीने नुकताच पहिला हप्ता दिला होता. तिच्यासोबत बसून मी एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्या महाविद्यालयाचा मान्यता आदेश आणि त्यावरील प्रवेशक्षमता काढून दाखवली, मग विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाला तिच्या नामांकनाबद्दल विचारणारे पत्र लिहून टपालाने पाठवले. उत्तर माझ्याबद्दल आलेल्या उत्तरासारखेच आले. तिने दुसरा हप्ता दिलेला नाही. तिची दहावीची मूळ गुणपत्रिका अजून मिळालेली नाही.