मानेतल्या फाटलेल्या धमनीसाठी कॅरोटिड वॉलस्टेंट
हा स्टेंट म्हणजे धमनीच्या आत आपोआप उघडणारा, धातूच्या जाळीचा पोकळ आधार. बारीक विणलेली जाळी ही याची खरी ताकद. धमनीचा सुटलेला आतला पदर ती भिंतीला दाबून धरते, फाटलेल्या जागी भिंतीला आलेल्या फुगवट्यात शिरणारं रक्त मंदावतं. अर्धवट उघडेपर्यंत स्टेंट ज्या नळीतून आत नेतात तिच्यात परत ओढता येतो, ही मोठी सोय. पण उघडताना आखडतो, म्हणून लांबी हिशेबाने घ्या. कवटीच्या तळाजवळच्या वळणावर ताठ पडतो. पुढे धमनीला मुरड बसते.

सगळ्यात जपायची ती स्टेंट ज्यावरून आत सरकवतात ती तार. ती खोट्या पोकळीत (भिंतीचे पदर सुटून झालेल्या जागेत) असताना स्टेंट उघडला, तर खरी वाटच बंद! आधी मायक्रोकॅथेटरमधून (अगदी बारीक नळीतून) थोडं कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून मेंदूकडच्या शाखा भरताना दिसल्याच पाहिजेत. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आधीपासून सुरू हवं, नाहीतर जाळीवर गुठळी धरते.

बहुतेकांची धमनी औषधांवरच सांधते. गोळ्या चालू असूनही मेंदूला रक्त कमी पडल्याचे झटके येत असतील किंवा फुगवटा वाढत असेल, तरच स्टेंट.