कॅलिपर की डिजिटायझर? मध्ययुगीन दफनभूमीतल्या कवट्या मोजायला बसण्यापूर्वी

दक्षिण जर्मनीत 5व्या ते 7व्या शतकात रांगेने खोदलेल्या थडग्यांची दफनभूमी, तिथल्या प्रौढांच्या चाळीसेक कवट्या, आणि प्रश्न एकच: ही माणसं तिथलीच की बाहेरून आलेली? डीएनएसाठी पैसे किंवा परवानगी नसेल तर मापांवरच काम भागवावं लागतं. मग साधन कुठलं घ्यायचं? दोन बिंदूंमधलं सरळ अंतर देणारे जुने स्लायडिंग आणि स्प्रेडिंग कॅलिपर, की मायक्रोस्क्राइबसारखा हाताचा डिजिटायझर, जो प्रत्येक लँडमार्कचे, म्हणजे कवटीवरच्या ठरलेल्या बिंदूचे, त्रिमित निर्देशांक थेट संगणकात भरतो?

डिजिटायझरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आकार आणि आकारमान वेगळं करता येतं. मोठी कवटी आणि वेगळ्या घडणीची कवटी यांत गल्लत होत नाही. कपाळाचा किंवा डोक्याच्या मागच्या बाजूचा बाक वक्ररेषा म्हणून पकडता येतो, एका अंतरात कोंबावा लागत नाही. शिवाय निर्देशांक हाती असले की बरीचशी अंतरं नंतरही काढता येतात.

पण कवटी मातीच्या लगद्यावर घट्ट बसवावी लागते आणि शेवटचा बिंदू टिपेपर्यंत ती तसूभरही हलता कामा नये. हलली तर आधीचे सगळे बिंदू वाया. बुडाचे बिंदू उभ्या कवटीवर डिजिटायझरच्या टोकाला लागत नाहीत, म्हणून बहुतेक वेळा दोन बैठका होतात आणि त्या जोडायला किमान तीन सामाईक बिंदू लागतात. ते चार-पाच घ्या आणि कवटीभर पसरलेले घ्या. एकाच भागात गर्दी केली तर जोडणी तिरकी येते. गंमत म्हणजे डिजिटायझर घेतला तरी कॅलिपर सुटत नाही. कमाल रुंदीचे बिंदू, म्हणजे युरियॉन, कवटीवर कुठेही छापलेले नसतात. स्प्रेडिंग कॅलिपर फिरवून जिथे सर्वांत मोठं वाचन येतं तेच ते. कमाल लांबीचं मागचं टोकही तसंच. आधी कॅलिपर, मग मऊ पेन्सिलीची खूण, मग डिजिटायझर, असा क्रम लागतो.

हे सगळं सवयीने जमतं. तराजू झुकतो तो हरवलेल्या बिंदूंपाशी.

जमिनीत हजार-दीड हजार वर्षं राहिलेली कवटी क्वचितच पूर्ण मिळते. मातीच्या भाराने बूड खचतं आणि बेसिऑन, म्हणजे बुडाच्या मोठ्या छिद्राच्या पुढच्या कडेचा मध्यबिंदू, जातो. वरचे पुढचे दात पडले की दातांच्या खोबणीची कड झिजते आणि त्या कडेवरचा मधला बिंदू, प्रॉस्थिऑन, जातो. गालाच्या हाडाची कमान तर मोडलेलीच असते. कमानीचं एका बाजूचं हाड टिकलं असेल तर दुसरी बाजू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटवून भरता येते. बेसिऑन आणि प्रॉस्थिऑन मध्यरेषेवरचे, त्यांना जोडीदारच नाही. आणि प्रोक्रस्टीझ जुळवणीला, म्हणजे सगळ्या कवट्यांचे बिंदू सरकवून, फिरवून, एका आकारमानाला आणून एकमेकांवर बसवण्याला, सगळे बिंदू लागतात. आर या सांख्यिकीच्या संगणकभाषेतलं जिओमॉर्फ हे पॅकेज वापरत असाल तर रिकाम्या जागा असलेल्या कवट्या त्याचं जुळवणीचं फंक्शन घेतच नाही. आधी अंदाजाने त्या भरा, म्हणतं.

हा अंदाज येतो कुठून? दुसऱ्या पूर्ण कवट्यांवरून. संदर्भ म्हणून त्याच दफनभूमीतल्या कवट्या घेतल्या तर मोडकी कवटी सरासरीकडे ओढली जाते, आणि बाहेरून आलेला माणूस, ज्याला शोधायला निघालो तोच, गर्दीत मिसळतो. संदर्भ तुलनेतल्या एखाद्या लोकसमूहाचा घेतला तर कवटी त्या समूहासारखी दिसू लागते. उगम शोधायच्या आधीच आपण तो लिहून टाकलेला असतो. आडात नाही ते पोहऱ्यात आणायचा हा प्रकार. एखाददुसरा बिंदू भरणं चालून जातं, पण दर तिसऱ्या कवटीत तेच करावं लागत असेल तर तो निकाल माझ्या गळी उतरत नाही.

कॅलिपरच्या तक्त्यात जागा रिकामी राहते आणि ती रिकामी दिसते. बेसिऑन नाही म्हणून उंची गेली, तरी लांबी, रुंदी, नाक आणि नेत्रकोटर शाबूत. बहुचल विश्लेषणाला, म्हणजे अनेक मापं एकत्र तपासण्याला, इथेही पूर्ण ओळी लागतात, हे खरं. पण एक माप वगळलं की बाकीची जशीच्या तशी राहतात. लँडमार्क वगळला की संपूर्ण जुळवणी नव्याने होते आणि प्रत्येक आकडा बदलतो.

दुसरी सोय तुलनेची. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल्स यांनी मोजलेल्या 28 लोकसमूहांच्या 2524 कवट्यांची मापं कवटीगणिक खुली आहेत. त्यांत हंगेरीतलं झालावार (9वं ते 11वं शतक), ऑस्ट्रियातलं बर्ग आणि ओस्लोचे मध्ययुगीन नॉर्स आहेत, म्हणजे आपल्या प्रश्नाला जवळचे शेजारी. नुसत्या सरासऱ्या छापलेल्या जुन्या अहवालांवर पेनरोझ अंतरापलीकडे, म्हणजे सरासऱ्यांवरून दोन समूहांतला फरक सांगणाऱ्या साध्या सूत्रापलीकडे, फारसं जाता येत नाही. इथे मात्र सहविचरणही, म्हणजे मापं एकमेकांबरोबर कशी बदलतात तेही, काढता येतं.

फक्त व्याख्यांकडे नीट पाहा. जुने जर्मन अहवाल मार्टिनच्या क्रमांकांत असतात, म्हणजे रुडॉल्फ मार्टिन यांनी प्रत्येक मापाला दिलेल्या क्रमांकांत. मार्टिन 1, 8 आणि 17, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची, हॉवेल्सशी जुळतात. नेत्रकोटराची रुंदी जुळत नाही. मार्टिन 51 मॅक्सिलोफ्रॉन्टालेपासून घेतात, हॉवेल्स डॅक्रिऑनपासून; दोन्ही नेत्रकोटराच्या नाकाकडच्या बाजूचे, पण वेगळे बिंदू. एक-दोन मिलिमीटरांचा फरक सहज पडतो, आणि तो लोकसमूहांतला फरक म्हणून छापून येऊ शकतो. डॅक्रिऑनजवळचं अश्रूचं हाड कागदासारखं पातळ असल्याने ते बऱ्याचदा उरतही नाही. शक्य असेल तिथे दोन्ही मापं घ्या आणि तक्त्यात वेगळ्या रकान्यांत ठेवा.

सांधलेल्या कवटीत प्रत्येक जोड किती उघडा आहे ते पाहा. तीन जोड मिलिमीटरभर फाकलेले असतील तर रुंदी तेवढी फुगते. डावी-उजवी मापं ताडून पाहा, फरक ठळक असेल तर कवटी मातीत दबून वाकडी झालेली असणार. दहा-बारा कवट्या आठवड्याने पुन्हा मोजा आणि दोन वाचनांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कवट्यांच्या संख्येच्या दुपटीने भागून वर्गमूळ घ्या. ज्या मापात ही चूक मोठी येते ते सरळ वगळा. मापांची संख्या सर्वांत लहान गटातल्या कवट्यांपेक्षा बरीच कमी ठेवा. वीस कवट्यांवर 57 मापं लावली तर कुठलाही गट कुठल्याही गटापासून झकास वेगळा निघतो. पुरुष आणि स्त्रिया वेगळे हाताळा, किंवा लिंगनिहाय प्रमाणित गुण (माप आपल्या लिंगाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे) काढून मग एकत्र करा.

आणि नुसत्या शीर्षनिर्देशांकावरून, म्हणजे रुंदी लांबीच्या किती टक्के आहे त्यावरून, उगम सांगू नका. मध्ययुगात मध्य युरोपातल्या कवट्या हळूहळू गोल होत गेल्या आणि त्यासाठी नवी माणसं यावी लागली नाहीत. लांबट डोकं म्हणजे अमुक वंश, हे गणित विसाव्या शतकाने पुरेसं महागात शिकवलं आहे.

डिजिटायझरला मी नाही म्हणत नाही. कवट्या धडधाकट असतील, चर्चच्या अस्थिगृहात कोरड्या राहिलेल्या असतील, तर तो जरूर घ्या. लहानपणी बांधून लांबवलेल्या डोक्यांसाठीही तोच बरा, कारण तिथे अंतरांपेक्षा वक्रच जास्त बोलतो. अशा कवट्या उगमाच्या विश्लेषणातून मात्र बाजूला काढा. बव्हेरियातल्या इसवी सन 500च्या आसपासच्या अशा स्त्रियांचा आग्नेय युरोपाशी संबंध 2018मध्ये उघड झाला, तो जनुकांवरून. म्हणून बळकटीचं रसायन किंवा गोंद लावण्याआधी आतल्या कानाभोवतीचं टणक हाड कोरडं आणि न धुतलेलं बाजूला ठेवा. आज पैसे नसले तरी नमुना उद्यासाठी हवा.