ज्येष्ठ निवासात खोली घेताय? जेवणाचे नियम आधी लेखी मागा

गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माझे मामा-मामी पनवेलजवळच्या एका ज्येष्ठ निवासात राहायला गेले. दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेले, मामीला मधुमेह, स्वयंपाक झेपेनासा झालेला. “जेवणाची चिंताच सोडा” या एका आश्वासनावर त्यांनी ती जागा पसंत केली आणि नेमकं जेवणातच त्यांना लुबाडलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण आईवडिलांसाठी पनवेल, कर्जत, नेरळकडे अशी जागा बघत असाल तर हे जरूर वाचा.

जागा दाखवायला नेलं ते रविवारी. मसालेभात, अळूवडी, जिलबी, आग्रह करकरून वाढलं. दोघांचे मिळून महिना 42,000, “जेवणासह”. माहितीपत्रकातही तेच छापलेलं. करारात मात्र जेवणाबद्दल एकच ओळ: भोजनव्यवस्था संस्थेच्या वेळोवेळीच्या नियमांप्रमाणे. ती नियमावली मागूनही मिळाली नाही. अनामत भरली, सामान हललं, मग किल्लीबरोबर हातात पडली.

पहिलंच बिल 51,300 चं. “जेवणासह” म्हणजे फक्त दोन वेळचं जेवण; नाश्ता आणि चहा वेगळा. मामीला भाताऐवजी ज्वारीची भाकरी आणि बिनसाखरेचं हवं, तर त्याला “विशेष आहार” म्हणून जादा आकार. गुडघा धरला की मामा ताट खोलीवर मागवायचे, त्याचे दर खेपेला पैसे. ते ताट यायचं तेव्हा भाकरी गार होऊन चिवट झालेली असायची. मामांना ती तोडता येईना, आमटीत कुस्करून खायचे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना गरम वाढलं, त्यांच्यावर ही वेळ आलेली बघून माझा जीव तुटायचा.

मग मामी न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झाली. मामा तिच्या उशाशी. निवासातला एक घासही दोघांनी खाल्ला नाही, तरी जेवणाचे पूर्ण पैसे लावले. विचारलं तर व्यवस्थापक म्हणाले, “मॅडम, स्वयंपाकघर तर चालूच होतं ना?” नियम असा की सलग पंधरा दिवस बाहेर असाल आणि सात दिवस आधी लेखी कळवलं असेल, तरच वजावट. आजारपण कोण सात दिवस आधी कळवणार? मामांनी रात्रीचं जेवण बंद करायला सांगितलं, तर “किमान भोजन आकार” पुढे केला. खा अथवा खाऊ नका, तो भरायचाच.

म्हणून सांगते, नियमावली हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. किमान आकार किती, रुग्णालयात असताना वजावट मिळते का, पथ्याच्या जेवणाचे वेगळे पैसे आहेत का, दरवर्षी वाढ किती टक्क्यांपर्यंत, योजना सोडून बाहेरचा डबा लावता येतो का, खोलीत इंडक्शन चालतो का, हे सगळं करारातच लिहून घ्या. न सांगता आडवारी जा आणि रात्रीचं जेवून बघा. सगळ्यात उपयोगी म्हणजे तिथल्या एखाद्या आजी-आजोबांना गेल्या महिन्याचं बिल दाखवायची विनंती करा. खरा आकडा तिथेच कळतो.

महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, जिने, कॉरिडॉर यांच्या अटी घातल्या, त्या इमारतीपुरत्या. ताटाचा हिशेब करारावरच ठरतो. फसवलं गेलात तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातूनही दावा करता येतो, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज होतो.

हेल्पलाइनवर नोंद केल्यावर रुग्णालयातल्या दिवसांचे पैसे परत आले. विशेष आहाराचे अजून दिलेले नाहीत. त्यासाठी आयोगात जातोय. सगळी बिलं, ते माहितीपत्रक आणि “नाश्ता-चहा सगळं धरून” असा विक्री प्रतिनिधीचा व्हॉट्सॲप मेसेज मामांनी जपून ठेवला आहे.