मेरिडेनची बॉनव्हिल की डेव्हनची?

ट्रायम्फ बॉनव्हिल या ब्रिटिश मोटरसायकलचा शेवट दोनदा झाला. इंग्लंडमधल्या मेरिडेनचा तिचा कारखाना १९७५ पासून कामगारांच्याच सहकारी संस्थेने चालवला. पैशांची चणचण कायमचीच, तरी १९८० मध्ये बटणस्टार्ट आला, पुढे टीएसएस हे आठ व्हॉल्व्हचं मॉडेलही निघालं. १९८३ मध्ये कुलूप लागलं. मग बांधकाम व्यावसायिक जॉन ब्लूर यांनी ट्रायम्फचं नाव विकत घेतलं आणि त्यांच्या परवान्यावर सुटे भाग बनवणारे लेस हॅरिस यांनी इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यातल्या न्यूटन ॲबटला १९८५ ते १९८८ तीच ७५० सीसीची बॉनव्हिल बांधली. ब्रेक इटालियन, फोर्कही इटालियन. स्टार्ट मात्र पुन्हा किक मारूनच, हे अजबच! रोज चालवायला डेव्हनची सरस. पैसे मोजायचे तर मी मेरिडेनचीच घेईन: १९७३ मध्ये कारखाना बंद होऊ नये म्हणून कामगार तिथेच ठाण मांडून बसले नसते, तर बॉनव्हिल तेव्हाच संपली असती.